मेक्सिकोतलं रोजचं राहणं: फजित्या, चवी आणि रात्रीची एक शिट्टी

गोदाकाठची (१४ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी,

लेकीकडे मेक्सिको सिटीत येऊन पाच आठवडे झाले. पिरॅमिड बघून झाले, संग्रहालयं झाली, फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, त्यावर अंगठे आले. आता मी इथे नुसती राहतेय आणि खरी मजा त्यात आहे, म्हणून हा धागा. जे मेक्सिकोत राहिलेत, फिरलेत त्यांनी रोजचं काय ते लिहा. बघण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

लेक सकाळी ऑफिसला जाते. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, स्पॅनिश येत नाही. त्यामुळे पहिला आठवडा मी हे शहर कानांनीच पाहिलं. सकाळी कोणीतरी घंटा वाजवत रस्त्यावरून जायचं. मला वाटलं, जवळ चर्च असेल. तिसऱ्या दिवशी खिडकीतून डोकावले तर समोरच्या इमारतीतल्या बायका गाऊनवर कचऱ्याच्या पिशव्या घेऊन धावतायत. अहो, घंटागाडी! फक्त घंटा गाडीला नाही, माणसाच्या हातात. तो पुढे चालतो, ट्रक मागून येतो. नाशिकची मी, मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं की दुसऱ्या दिवशी कचरा नसताना खाली गेले.

दहाच्या सुमारास एक जण छाती फुटेस्तोवर ओरडतो, 'एल गाऽऽस!' हे न शिकता कळलं. दुपारी भंगारवाला. भोंग्यावर एका लहान मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज, शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात: गाद्या, फ्रिज, शेगड्या, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, नाहीतर जुनं लोखंड असेल तर आम्ही घेतो. सगळ्या शहरात हीच एक मुलगी. लेक म्हणते, ती पोर केव्हाच मोठी झालीय. भंगार मात्र अजून लहानपणीच्याच आवाजात घेतेय.

आता प्रश्न. रात्री आठ-साडेआठला लांबून एक शिट्टी येते. बारीक सुरू होते, चढते, आणि मग दम लागल्यासारखी उतरत उतरत विझते. जुनं कोळशाचं इंजिन यार्डात एकटंच उभं असावं तशी. जवळपास रेल्वे नाही. लेकीला विचारलं तर तिच्या कानात त्या वेळी मीटिंग असते. कोणाला माहितीय का, हे काय आहे?

झणझणीत

काकू, शेजाऱ्याचा कुकर. एवढ्या उंचीवर डाळ शिजायला दोन तास लागत असतील, शिट्टी दमणारच.

गोदाकाठची

कुकर नाही हो, तो चालत जातो! उंचीचं मात्र खरं. हे शहर २२४० मीटरवर आहे. कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर चढून मी तिसऱ्या मजल्यावर भाजी नेते. पहिले दहा दिवस दर मजल्यावर थांबून भिंतीवरची सूचना वाचायचे, कळत नसताना.

अर्धवट_प्रवासी

माझी फजिती छोटी आहे. पहिल्यांदा उतरलो, भूक लागलेली, विमानतळावर सँडविचची पाटी: डॉलरचं चिन्ह आणि पुढे १८०. पाण्याची बाटली ४०. मनात म्हटलं, हा देश आपल्याला परवडणारा नाही, आणि हॉटेलवर जाऊन पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की खाऊन झोपलो. सकाळी रिसेप्शनवरच्या पोराने सांगितलं, पेसोलाही तेच चिन्ह. एस आणि उभी रेघ. लाज वाटून त्याला दोन चिक्क्या दिल्या. शेंगदाणा मुळात तिकडचाच (म्हणजे दक्षिण अमेरिकेचा), चिक्कीसारखी वडीही तिकडे मिळते. त्यामुळे त्यालाही विशेष आश्चर्य वाटलं नाही.

वडापवाला

धागा आवडला. मी पुएब्लात दोन वर्षं काढली, गाड्यांच्या कारखान्यात. माझा आयडी बघून कळलं असेल मी कुठला. सांगलीकडच्या माणसाला तिथली 'काँबी' समजावून सांगावी लागत नाही. ते वडापच. छोटी व्हॅन, काचेवर रंगाने लिहिलेली गावं, दार उघडं, आणि 'सूबे, सूबे!' म्हणजे 'चढा, चढा'.

पण एक गोष्ट आपल्याकडे नाही. मागच्या सीटवर बसलात की पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे. तो त्याच्या पुढच्याला, तो ड्रायव्हरला. मग सुट्टे त्याच हातांनी परत येतात. पहिल्यांदा मी ५० ची नोट दिली आणि मान उंच करून ती कुठे जातेय ते बघत बसलो. पाच हात गेली. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने सुट्टे, तोंडाने फोनवर. परत आलेली नाणी मोजली, बरोबर. शेजारच्या आजीने माझं मोजणं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसानंतर मोजलं नाही. दोन वर्षांत एकदाही कमी आले नाहीत, असं म्हणायला आवडलं असतं, पण न मोजता कसं सांगणार?

उतरायचं असेल तर 'बाहान!' ओरडायचं. मी पहिला महिना लाजून पुढच्या स्टॉपला उतरायचो आणि उलटा चालत यायचो.

दुसरं म्हणजे 'व्येने-व्येने'. गाडी पार्क करताना कुठूनतरी लाल फडकं घेऊन एक माणूस उगवतो आणि हात हलवत म्हणतो, 'व्येने, व्येने, व्येने...' शब्दशः 'येतंय, येतंय'. आपलं 'येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, बास!' अगदी तोच सूर. त्या धंद्यालाच त्यांनी ते नाव पाडलंय. आपल्याकडे अशा माणसाला 'येऊद्या' म्हणत असते तर?

शाकाहारी_भूत

मी जरा रडून घेतो. मेक्सिकोत शाकाहारी म्हणून तीन आठवडे.

'सोय वेखेतारियानो' एवढं पाठ करून गेलो. पहिल्या दिवशी वेटर म्हणाला, हो हो, काळजी नको, आणि हॅम घातलेलं सँडविच आणलं. तिथे 'कार्ने' म्हणजे लाल मांस. कोंबडी आणि हॅम हे बहुतेक भाजीपाल्यात मोडत असावेत. भात मागितला, तो चिकनच्या पाण्यात शिजवलेला. राजमा-घेवड्यासारखे त्यांचे फ्रिखोलेस मागितले, त्यात 'मान्तेका'. स्पॅनिशचं पुस्तक मी ज्याच्याकडून उसनं घेतलं होतं तो अर्जेंटिनात राहिलेला. तिकडे मान्तेका म्हणजे लोणी. मी खुशीत म्हटलं, लोणी चालेल, जास्त घाला. मेक्सिकोत मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तेव्हाची मनःस्थिती आयडीत उतरलीय.

मग मात्र मार्ग सापडला. सकाळी कोपऱ्यावर मोठ्या तव्यावर केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, करणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडे जायचं आणि बोट दाखवायचं. भोपळ्याची फुलं. मशरूम. निवडुंगाची पानं, काटे काढून चिरलेली, भेंडीसारखी थोडी बुळबुळीत. आणि 'विट्लाकोचे', म्हणजे मक्याच्या कणसावरची काळी काणी. आपल्याकडे शेतकरी ते कणीस उपटून फेकतो, तिकडे त्याचे जास्त पैसे पडतात. चव मातीसारखी, पावसात भिजलेल्या. मला फार आवडली.

इशारा: राजधानीत केसादिया मागितली की ती विचारते, 'चीज घालून की बिनचीजची?' केसो म्हणजे चीज, ते नावातच आहे. इतर गावांतले मेक्सिकन यावरून राजधानीवाल्यांची टर उडवतात. मी हा वाद एका बसमध्ये पूर्ण दोन तास ऐकला. पुण्या-मुंबईच्या वडापाव-मिसळीच्या वादाइतकाच निष्फळ आणि तितकाच जिवाभावाचा.

शेवटची कबुली. वाहाका शहरात ग्वाकामोले, म्हणजे अॅव्होकाडोची चटणी, मागवलं, वर काहीतरी कुरकुरीत तांबूस भुरभुरलेलं. तळलेला कांदा समजून चार घास खाल्ले. लिंबू, मीठ, लसूण, मस्त. पाचव्या घासाला पाय दिसला. चापुलीनेस. नाकतोडे. आईला अजून सांगितलेलं नाही.

गोदाकाठची

भूतभाऊ, तुमचा नाकतोडा इथे मेट्रोच्या स्टेशनावर आहे! चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी म्हणे. इथे प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्र आहे. मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हा बऱ्याच लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून लान्स वायमन नावाच्या डिझायनरकडून ही चिन्हं करून घेतली. मी त्यांच्यासारखीच निरक्षर, माझं पूर्ण भागतं. 'कोल्ह्यासारख्यावर बसायचं, नाकतोड्यावर उतरायचं नाही' अशा चिठ्ठ्या लेक लिहून देते. तिकीट ५ पेसो, कुठूनही कुठेही. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी. डब्यात विकायला काय येत नाही ते विचारा.

झणझणीत

तिखटाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कोल्हापूरचा. मेक्सिकन लोक परदेशी माणूस दिसला की 'नो पीका', तिखट नाही, असं सांगून झणका देतात आणि गंमत बघतात, हे ऐकून होतो. राजधानीत सगळे साल्से, म्हणजे त्यांच्या चटण्या, चाखले. ठीक. आमच्याकडे बाळंतिणीला देतात असे. मी तसं बोलूनही दाखवलं, हातवारे करून.

मग मेरिदाला गेलो, युकातानात. तिथे टेबलावर कांदा, टोमॅटो, आंबट संत्र्याचा रस आणि बारीक चिरलेली पिवळी-नारिंगी मिरची. कोशिंबीर समजून चमचाभर घेतली. मालक म्हणाला, 'सी पीका.' पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोलत होतं आणि मी ऐकलं नाही. मिरची हाबानेरो. पुढची दहा मिनिटं मला मालवणी, कोकणी, कोल्हापुरी सगळे देव आठवले. त्या कोशिंबिरीचं नाव 'श्निपेक', मायन भाषेत 'कुत्र्याचं नाक'. खाल्ल्यावर नाक तसं ओलं होतं म्हणून. नाव ठेवणाऱ्याला साष्टांग दंडवत.

मालकाने वर हेही ऐकवलं की मिरची तुमच्याकडे आमच्याकडूनच गेली. बरोबर आहे, पोर्तुगीजांनी आणली. पण नाक पुसत असताना इतिहास सांगू नये माणसाने.

शंकासुर

सगळं गोड गोड चाललंय. सुरक्षेचं काय? बातम्यांत वेगळंच ऐकतो. आणि व्हिसाचंही कोणी बोलत नाही.

वडापवाला

शंकासुरराव, व्हिसा सोपा आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस, पण नेमके किती द्यायचे ते खिडकीतला अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट हातात ठेवा.

सुरक्षेचं म्हणाल तर देश मोठा आहे. काही राज्यांत आमचे मेक्सिकन सहकारीही जात नसत. कुठल्या रस्त्याला रात्री जायचं नाही हे गावातल्या माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते निमूट ऐकायचं. माझा फोन गर्दीच्या डब्यात गेला, मागच्या खिशातून. चूक माझी. तक्रार लिहायला तीन तास लागले, त्यात अधिकाऱ्याने दोनदा 'आओरिता' म्हटलं. स्पॅनिशवेडी, आता तुमची पाळी.

स्पॅनिशवेडी

आलेच! पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्यामुळे हा शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. 'आओरा' म्हणजे आत्ता. त्याला 'इता' जोडलं की लाडिक 'आत्तुल्ला'. शब्दशः याचा अर्थ 'अगदी आत्ता'. मेक्सिकोत याचा अर्थ पाच मिनिटं, दोन तास, उद्या, किंवा 'तुमचं मन मोडवत नाही म्हणून नाही म्हणत नाही'. मराठीत आपला 'आलोच' आहे ना, घरातून अजून निघालेला नसलेल्या माणसाचा? तोच.

गोदाकाकू, दुकानात 'पागार' ऐकू आलं का? पगार! आपले पगार, पाव, बालदी, काडतूस हे पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून स्पॅनिशमध्ये पैसे देणं म्हणजे पागार, पाव म्हणजे पान, बादली म्हणजे बाल्दे. रताळ्याला स्पॅनिशमध्ये कुठे कुठे बाताता म्हणतात आणि आपण ते नाव बटाट्याला लावून बसलो. मेक्सिकोत मात्र रताळ्याला 'कामोते'.

आणि त्यावरून तुमच्या शिट्टीचं उत्तर. ती कामोतेवाल्याची गाडी! पत्र्याचं पिंप, खाली लाकडं पेटवलेली, आत रताळी आणि मोठी केळी भाजतायत. आतली वाफ नळीतून सोडली की ती शिट्टी वाजते. म्हणूनच दमल्यासारखी उतरते, वाफ संपते. पळा खाली!

गोदाकाठची (२१ ऑक्टोबर)

रताळं?! अगं बाई. मी आठवडाभर भुताचं इंजिन समजत होते.

काल पळाले. तीन मजले उतरून दार उघडेपर्यंत शिट्टी पुढच्या चौकात. चौकात गेले तर त्याच्याही पुढे. या उंचीवर मी पळू शकत नाही आणि 'अहो रताळेवाले' स्पॅनिशमध्ये कसं ओरडायचं ते माहीत नाही. परत आले. आज लक्ष्मीपूजन, आज नाही जमणार.

लातूरपॅटर्न

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आवाजांची गोष्ट निघालीय म्हणून. त्या शहरात एक आवाज असा आहे की तो ऐकून अख्खी इमारत एका मिनिटात रस्त्यावर येते.

२०२२ ला मी तिथे होतो. १९ सप्टेंबरला दरवर्षी भूकंपाची रंगीत तालीम असते, कारण १९८५ चा मोठा भूकंप त्याच तारखेचा, आणि २०१७ चाही त्याच तारखेचा. दुपारी १२ वाजून १९ मिनिटांनी भोंगे वाजले, 'आलेर्ता सीस्मिका', भूकंपाचा इशारा. आम्ही हसत जिने उतरलो, हिरव्या पाटीखाली उभे राहिलो, वर आलो, कॉफी घेतली. पाऊण तासाने भोंगे पुन्हा. मला वाटलं कोणीतरी चुकून बटण दाबलं. शेजारी बसणारी बाई, एरवी फार बडबडी, ती एक शब्द न बोलता उठून चालायला लागली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं. रस्त्यावर आलो तेव्हा विजेच्या तारा झोके घेत होत्या. ७.७ रिश्टर, मिचोआकान राज्यात केंद्र. तिसऱ्यांदा तीच तारीख.

भूकंप बहुधा पॅसिफिक किनाऱ्याकडे होतात, म्हणून लाट शहरात पोचायच्या आधी भोंग्याला काही सेकंद मिळतात. २०१७ ला केंद्र जवळ होतं, तेव्हा भोंगा आणि हादरा जवळपास बरोबरच आले.

तीन दिवसांनी रात्री सव्वा वाजता पुन्हा. सगळे नाइट ड्रेसमध्ये, काखेत कुत्री, एकीच्या हातात पोपटाचा पिंजरा. अर्ध्या तासाने कोणीतरी चहासारखं काहीतरी गरम आणून वाटलं. मला नाव विचारलं, देश विचारला. मी इंडिया सांगितलं आणि, का कोण जाणे, किल्लारी सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३. मी सात वर्षांचा होतो, औशाजवळ मामाकडे. आम्हाला भोंगा नव्हता. अनंत चतुर्दशी करून दमून लोक झोपले होते. माझं मोडकं स्पॅनिश त्या म्हाताऱ्या बाईला कितपत कळलं माहीत नाही. तिने १९८५ चं तिचं सांगितलं, तेही मला अर्धंच कळलं. पहाटेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसून होतो.

वऱ्हाडी_पाव्हणा

लातूरभाऊ, वाचून गप बसलो जरा.

काकू, तुमी तिथं हायेच तं एक काम करा. शिक्षण खात्याची जुनी इमारत हाये, मेक्सिको सिटीच्या मधोमध, झोकालोच्या, म्हंजे मोठ्या चौकाच्या, मागं. दिएगो रिवेराची भित्तिचित्रं हायेत भिंतीभर. वरच्या मजल्यावर एक चित्र हाये, मेजाभोवती मानसं बसलीत, भाकरी वाटनं चाललंय. थे चित्र काढतानी रिवेराच्या डोळ्यापुढं आमच्या वर्धेचा मानूस होता म्हनतात. पांडुरंग खानखोजे! गदर पार्टीचे क्रांतिकारक. इंग्रजाच्या भानगडीत देश सुटला, जगभर फिरून १९२४ ले मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं, शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परत आले, १९६७ ले नागपुरात गेले. चापिंगोत २०२२ ले पुतळा बसवला. आमच्याकडं विचारा कोनाले, खानखोजे कोन म्हनून, दहातले नऊ मान हालवतात. काहून असं होते मले नाई समजत.

गोदाकाठची (२९ ऑक्टोबर)

पाहुणे, जाऊन आले. लेकीने सुट्टी काढली. आपल्याला सगळी चित्रं कळली असं नाही, आणि तीन मजले चढण्याचं मी आता बोलत नाही. पण त्या भाकरीच्या चित्रापुढे उभी राहिले. लेकीने विचारलं, कोण? मी सांगितलं. ती म्हणाली, तुला कसं माहीत? म्हटलं, एका वर्धेच्या पाहुण्याने सांगितलं. तिथला राखणदार आमचं मराठी ऐकत होता, त्याला लेकीने सांगितलं, हा आमच्याकडचा. त्याने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू काही मी त्यांची बहीण.

भाकरीवरून आठवलं. आमच्या गल्लीत तोर्तियाचं दुकान आहे. बायका घरून फडकं घेऊन रांगेत येतात, किलोवर घेतात, गरम गठ्ठा फडक्यात बांधून नेतात. मी मक्याची भाकरी आयुष्यभर थापली, ती दुमडली की चिरते. यांची रुमालासारखी दुमडते. खुणा करून विचारलं तर बाईने मागच्या खोलीत नेलं. पातेल्यात मका भिजत होता आणि शेजारी पुडी. पुडीत चुना! पानाला लावतो तो चुना. चुन्याच्या पाण्यात मका उकळायचा, रात्रभर ठेवायचा, साल सुटते, मग दळायचा. त्याला निश्तामाल म्हणतात. मी बोटावर घेऊन दाताला लावायची खूण केली. ती बाई घाबरून 'नो, नो!'

आणि सध्या सगळीकडे झेंडू. ट्रकच्या ट्रक. आपल्याकडे दसऱ्याला असतो त्याच्या दुप्पट. इथलाच तो मूळचा, 'सेंपासूचिल', म्हणजे वीस पाकळ्यांचं फूल असं स्पॅनिशवेडीने मला निरोपात सांगितलं. १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी वाट दाखवायला. थोडक्यात सर्वपित्री, पण रडकी नाही. बेकरीत हाडांचा आकार केलेला गोड पाव. तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंनी मला मांडणीला बोलावलंय. त्या मला 'वेसीना', म्हणजे शेजारीण, म्हणतात, मी त्यांना सेन्योरा म्हणते. दोघींची मिळून वीस शब्दांची ओळख आहे.

शंकासुर

काकू, भित्तिचित्राचं तिकीट किती?

(पाहिलंत, मी पण सुधारतोय.)

शाकाहारी_भूत

काकू, त्या गोड पावातही कधी कधी मान्तेका असतो. विचारून खा. तुमच्या आयडीचं माझ्यासारखं होऊ नये.

गोदाकाठची (३ नोव्हेंबर)

शंकासुर, तिकिटाचं सगळं लेकीने बघितलं, मला विचारू देत नाही ती. भूतभाऊ, पाव खाल्ला नाही, कारण पुढे येतंय.

काल संध्याकाळी सेन्योरांकडे गेले. खोलीच्या कोपऱ्यात पायऱ्या करून मांडलेलं. झेंडूची कमान, कापलेल्या रंगीत कागदांच्या पताका, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, आपल्या उदासारखा धूर. नवऱ्याचा फोटो, त्यापुढे बिअरची बाटली आणि सिगारेटचं पाकीट. दिराचा फोटो, त्यापुढे फुटबॉलचा शर्ट. मी बघत होते, तर त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, तुझा? लेकीने आधीच त्यांना सांगितलं असणार. ह्यांचा एक फोटो तिने दुकानातून छापूनही आणला होता, मला न विचारता.

फोटो ठेवला. मग सेन्योरांनी विचारलं, त्यांना काय आवडायचं? लेक माझ्याकडे बघायला लागली. तिला माहीत होतं मी काय सांगणार नाही ते. चहा, म्हटलं. शेव. लेक म्हणाली, आई, खरं सांग.

तंबाखू. एकतीस वर्षं मी त्या डबीवरून भांडले. लपवली, फेकली, एकदा गोदेत टाकली. आणि आता मी हाताने मांडायची? सेन्योरांनी लेकीकडून ऐकलं, पोट धरून हसल्या, नवऱ्याच्या पाकिटातली एक सिगारेट काढली, मोडली, आणि तंबाखू एका बशीत ओतली. मग त्यांनाच काहीतरी आठवलं. त्या दिवशीचा माझा दातांचा पराक्रम गल्लीभर झालाय म्हणे. आत गेल्या आणि चिमूटभर चुना घेऊन आल्या.

मी मळून ठेवली. एकतीस वर्षं बघितलंय, हाताला येत होतं. ह्यांच्यापेक्षा बरीच मळली, असं लेक म्हणाली.

तेवढ्यात शिट्टी. आणि मी तळमजल्यावर! दार उघडून रस्त्यावर उभी राहिले तर तो समोरच. पिंप, धूर, लाकडाचा वास, टोपी घातलेला साठीचा माणूस. मी 'कामोते!' असं ओरडले की तो दचकला. खण उघडला, रताळं काढलं, उभं चिरलं. आतून पिवळंधमक. त्यावर घट्ट गोड दूध ओतायचं का म्हणून डबा उचलला. मी डबा हातात घेऊन वाचला, दूध आणि साखर, बाकी काही नाही. ओत म्हटलं.

यंदा पंढरपूरची कार्तिकी एकादशी नेमकी २ तारखेला होती. दिवसभर मी नुसत्या फळांवर होते आणि लेक म्हणत होती, इथे उपवासाचं काय मिळणार तुला.

झणझणीत

काकू, आज बारस. उपवास कशावर सोडलात?

गोदाकाठची

वरण-भात. कुकरला सात शिट्ट्या लागल्या.